जुना रेक्टिफायर घरी आणलात? आधी त्याचे नटबोल्ट बघा

पाताळगंगा एमआयडीसीच्या आसपास कुठलीही लाइन बंद झाली की तिथली यंत्रं किलोच्या भावाने भंगारच्या वखारीत येतात. त्यात कधीमधी पत्र्याचा एक जड डबा दिसतो. पुढे दोन मीटर, दोन नॉब, मागे अंगठ्याएवढे जाड तांब्याचे दोन पट्टे. प्लेटिंगवाले त्याला रेक्टिफायर म्हणतात. १२ किंवा १५ व्होल्ट आणि ५० ते १०० अँपिअर देणारं हे यंत्र नवं घ्यायचं तर घरगुती छंदाला परवडत नाही. म्हणून मोटरसायकलच्या भागांना निकेल चढवायचं, ॲल्युमिनियमला ॲनोडायझिंग करायचं किंवा देवघरातल्या मूर्तीवर तांब्याचा मुलामा द्यायचा अशी हौस असलेला माणूस जुन्याकडे वळतो. मीही मोहोपाड्यात असाच एक डबा रिक्षात घालून घरी आणला होता. हा लेख तसा डबा आणलेल्यांसाठी आहे, आणणार असाल तर तुमच्यासाठीही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. प्लेटिंगच्या खोलीतून निघालेला जुना रेक्टिफायर बिघडला असं लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा आतलं सर्किट गेलेलं नसतं. ॲसिडच्या वाफेने सांधे खाल्लेले असतात, पंखा अडकलेला असतो, नाहीतर नॉब चुकीच्या जागी असतो. तेव्हा शोध बाहेरून सुरू करा आणि आत जा. डबा उघडून थेट सोल्डरिंग आयर्न हातात घेणारा माणूस वेळ घालवतो आणि कधी चांगलं यंत्रही बिघडवतो.

विकत घेतानाच चार गोष्टी बघता येतात. मागची पाटी वाचा. ४१५ व्होल्ट, थ्री फेज असं लिहिलेलं यंत्र घरी आणू नका. त्याच्या आत ५८० व्होल्टच्या घरात डीसी साठतं आणि ते काम घरच्या ओट्यावरचं नव्हे. ११५ आणि २३० अशी निवड करणारी सरकपट्टी असली, तर ती २३० वर आहे ना हे डोळ्यांनी बघून त्यावर चिकटपट्टी लावा. ती ११५ वर राहून यंत्र आपल्या २३० च्या प्लगात गेलं, तर आतल्या कपॅसिटरवर दुप्पट दाब येतो आणि ते फुटतात. जपानहून आलेली काही यंत्रं फक्त १०० किंवा २०० व्होल्टची असतात. मधल्या ट्रान्सफॉर्मरशिवाय ती आपल्या कामाची नाहीत. झरोक्यातून आत बॅटरी मारा. हिरवी किंवा पांढरी भुकटी जितकी जास्त, तितकी किंमत कमी करून मागा. आणि पंखा बोटाने फिरवून पाहा.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी प्लग लावू नका. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतींना घाम येतो, आणि वखारीतला डबा त्याच हवेत महिनोन्‌महिने पडलेला असतो. त्यावर बसलेल्या क्षाराच्या धुळीने ओलावा धरला की सर्किटच्या पट्टीवरून वीज आडवी धावते. झाकण काढा, मऊ ब्रशने धूळ झाडा, ब्लोअरने फुंका आणि दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. वायरिंगचीही सोय बघा. १२ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर म्हणजे १२०० वॅट झाले. यंत्रातली गळती आणि पॉवर फॅक्टर धरला तर भिंतीतून ९-१० अँपिअर खेचले जातात. म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या फरशीवर, ॲसिडच्या टाकीशेजारी उभं राहून काम करायचं आहे. इथे काटकसर नको.

आता झाकण उघडून काम करण्याबद्दल. आत शिरलेली २३० व्होल्टची एसी सुलट होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी म्हणून साठते. प्लग काढल्यावरही ती तिथेच असते, कधी काही मिनिटं, कधी त्याहून बराच वेळ. हा धक्का जीव घेतो. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. मग १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी प्रत्येक मोठ्या कपॅसिटरच्या टोकांवर मिनिटभर धरा आणि शेवटी मीटरने मोजून खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर रिकामा करायची सवय अनेक कारागिरांना असते, ती उचलू नका. घरात एकटे असताना हे काम करू नका, आणि मोजताना एक हात पाठीमागे ठेवा. यातलं काही अवघड वाटत असेल तर झाकण बंद ठेवा. पुढची बरीच तपासणी बाहेरूनच होते, आतलं काम जाणत्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड वापरा. फेजच्या तारेत १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. एलईडी इथे चालत नाही. यंत्र चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि आत सरळ शॉर्ट नाही. तो पूर्ण प्रकाशात जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, पण बल्बमुळे फ्यूज आणि बाकीचे भाग वाचले. बल्बमधून वीज अपुरी मिळते, त्यामुळे यंत्र नीट सुरू न होता टिकटिक करेल. तेवढ्यावरून ते बिघडलं असं धरू नका. फार वर्षं पडून असलेलं यंत्र असंच बल्बमधून अर्धा-पाऊण तास चालू ठेवलं की पडून कमजोर झालेले कपॅसिटर हळूहळू सावरतात.

बल्ब काढून यंत्र सरळ जोडल्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नॉबचा. व्होल्टचा नॉब पूर्ण फिरवला तरी मीटर शून्यावर, म्हणजे यंत्र मेलं, असं वाटतं. दुसरा, अँपिअरचा नॉब बघा. तो शून्यावर असेल तर यंत्र करंट बांधून बसलेलं आहे आणि व्होल्टेज चढू देत नाही. पुढचा सीसी लिहिलेला दिवाही तेच सांगत असतो. टाकीत जॉब, म्हणजे प्लेटिंग करायचा भाग, टांगल्यावर व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याखाली उतरलं, तरी त्याचं कारण बहुधा हेच असतं. यंत्र करंट सांभाळतंय, आणि प्लेटिंगला तेच हवं. नॉब फिरवताना आकडा उड्या मारत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर घासलेला आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरने काही दिवस भागतं, नंतर नवा बसवावा. आणखी एक, काही यंत्रं लोडशिवाय सुरूच होत नाहीत. टोकांना गाडीच्या हेडलाइटचा एक बल्ब जोडून बघा.

लोड हा या सगळ्या तपासणीचा कणा आहे. रिकाम्या यंत्राने १२ व्होल्ट दाखवले म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. चाचणीसाठी टाकीत जॉब टांगू नका, कारण टाकीचा प्रतिकार क्षणोक्षणी बदलतो. १४ गेजची जीआय तार घ्या, जाडी साधारण दोन मिलिमीटर. तिच्या सव्वापाच मीटर लांबीचा प्रतिकार पाव ओहमच्या जरा खाली येतो, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ५० अँपिअर. वेटोळी एकमेकांना चिकटणार नाहीत अशी सैल गुंडाळून ती साध्या पाण्याच्या प्लास्टिकच्या बादलीत बुडवा आणि टोकं बाहेर काढून घट्ट जोडा. दहा लिटर पाणी बारा-तेरा मिनिटांत दहा अंश तापेल, तेवढा वेळ चाचणीला पुरतो. पाण्यात मीठ मुळीच घालू नका, क्लोरिन निघतो. तार थोडी छाटली की करंट वाढतो, लांब घेतली की कमी होतो.

आता माझ्या डब्याचं सांगतो. ४० अँपिअरवर पुढचा मीटर १२.१ व्होल्ट दाखवत होता आणि बादलीतल्या तारेच्या टोकांवर मोजले तर १०.३ भरले. वाटेत १.८ व्होल्ट हरवत होते. मीटर मिलिव्होल्टवर आणि व्होल्टवर आलटून पालटून ठेवत एकेक सांधा मोजत गेलो. एक टोक तांब्याच्या पट्टीवर, दुसरं त्याच पट्टीला बोल्टने बांधलेल्या केबलच्या लगवर. पॉझिटिव्हच्या एकाच बोल्टवर १.१ व्होल्ट सापडले. ४० अँपिअरने गुणा, त्या नखाएवढ्या जागेत ४४ वॅट उष्णता होत होती. वीज बंद करून सांधा उघडला तर तांब्याच्या पट्टीवर ॲल्युमिनियमची लग, मध्ये गंजलेला लोखंडी वॉशर आणि त्याभोवती शेवाळासारखा हिरवा थर. कुणीतरी घाईत हाताला लागेल ते जोडलं होतं. दोन वेगळे धातू, त्यात ॲसिडची वाफ आणि दमट हवा, म्हणजे तो सांधा स्वतःच एक छोटी बॅटरी होऊन स्वतःला खात होता. पट्टी बारीक पॉलिश पेपरने लाल होईपर्यंत घासली, कथील चढवलेली तांब्याची लग आणि नवा स्प्रिंग वॉशर बसवला, घट्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. पुन्हा मोजलं तर १२ मिलिव्होल्ट. पाव ओहमच्या तारेत करंट लगेच वाढला. माझ्या यंत्राचा आजार तेवढाच होता. विकणाऱ्याने मात्र आतली प्लेट गेली म्हणून सांगितलं होतं.

उरलेल्या ०.७ व्होल्टपैकी जवळपास अर्धा व्होल्ट केबलमध्ये जात होता, कारण ती ६ चौरस मिलिमीटरची होती. जाऊन-येऊन चार मीटर लांबीच्या अशा केबलचा प्रतिकार सुमारे ०.०१२ ओहम भरतो. १०० अँपिअरसाठी वेल्डिंगची २५ चौरस मिलिमीटरची केबल घ्या आणि शक्य तितकी आखूड ठेवा. सांध्यांसाठी मी एक हिशेब ठेवतो. ५० अँपिअरवर १०-१५ मिलिव्होल्ट ठीक, ५० च्या वर गेले तर उघडून घासायचं, २०० झाले तर तिथे १० वॅट जळत आहेत, काम तिथेच थांबवायचं. हीच तपासणी डब्याच्या आत, हीटसिंकवरच्या डायोडच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या जाड तारेच्या बोल्टवर करायची. मात्र तिथे चालू यंत्रात मीटरचे प्रोब घेऊन हात घालू नका. वीज बंद असताना, कपॅसिटर रिकामे करून तारा बांधून बाहेर काढा, मग चालू करा.

सांधे साफ करूनही यंत्र नीट चालत नसेल तेव्हा आत शिरायचं. फ्यूज उडालेला असेल तर त्याची काच बघा. तार मधोमध हलकेच तुटली असेल तर कधीकाळी झटका बसला असेल. काच काळी किंवा रुपेरी झाली असेल तर पुढचा ब्रिज किंवा मॉसफेट-आयजीबीटी शॉर्ट आहेत. ते तपासल्याशिवाय नवा फ्यूज घालू नका. वाढीव अँपिअरचा किंवा तारेचा फ्यूज तर कधीच नको. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून प्रत्येक भागाच्या पायांवर दोन्ही दिशांनी मोजा. दोन्हीकडे शून्याजवळ आकडा येत असेल तर तो भाग गेला. एक आयजीबीटी गेला असेल तर त्याची जोडी आणि गेटचे छोटे रेझिस्टरही बदला. नाहीतर नवा भाग पहिल्याच मिनिटाला जातो.

यंत्र टिकटिक करत चालू-बंद होत असेल तर आउटपुटचे शॉटकी डायोड संशयित. ते समांतर जोडलेले असतात, एक शॉर्ट झाला की सगळेच मेल्यासारखे दिसतात. एकेकाचा पाय सोडवून मोजावं लागतं. चांगला डायोड एका दिशेने ०.१५ ते ०.३ च्या आसपास आकडा दाखवतो. डायोड ठीक असतील तर कंट्रोल प्लेटला वीज देणाऱ्या छोट्या सप्लायचा कपॅसिटर वाळला असेल. तो स्वस्त असतो, आणि हीटसिंकजवळ असल्याने तोच आधी मरतो. कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून पंखा बंद पडलेल्या यंत्राचे कपॅसिटर ओळीने बदलावे लागतात.

थंड असताना छान चालतं, अर्ध्या तासाने करंट गळतो, अशी तक्रार असेल तर पंखा, हीटसिंकमधली धूळ आणि थर्मोस्टॅट बघा. आतमध्ये पाव आण्याएवढी काळी गोल चकती असते, सुरुवातीचा झटका अडवणारा थर्मिस्टर. तिला बायपास करणारा रिले चालू झाल्यावर टक्‌ करून बसायला हवा. तो बसला नाही तर चकती तापत राहते आणि पुढे वीज कमी जाते. हा दोष अनेकजणांच्या नजरेतून सुटतो. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोडच्या डॉ. भडकमकर मार्गावर मिळतात. जाताना जुना भाग सोबत न्या आणि त्यावरचा पूर्ण नंबर दाखवा.

शेवटी मीटर खरं बोलतो का ते बघायचं. आत पितळेच्या ठोकळ्यांमधली एक पट्टी असते, शंट. १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट, म्हणजे १० अँपिअरला साडेसात. हा आकडा जुळत असेल आणि तरी पुढचा मीटर वेगळं सांगत असेल तर मीटर दोषी. पण मला सगळ्यात आवडते ती तराजूची परीक्षा. खतांच्या दुकानातून दोन किलो मोरचूद आणा. आठ-साडेआठ लिटर पाण्यात ते विरघळवा आणि बॅटरीचं दीड लिटर ॲसिड बारीक धारेने पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. २० बाय साडेबारा सेंटिमीटरचा स्वच्छ तांब्याचा पत्रा वजन करून निगेटिव्हला टांगा, दोन्ही बाजूंना तांब्याचे दोन पत्रे पॉझिटिव्हला. मीटरवर १० अँपिअर धरून बरोबर एक तास चालवा. फॅरडेच्या नियमाने एका अँपिअर-तासाला १.१८६ ग्रॅम तांबं बसतं, म्हणजे धुऊन वाळवल्यावर पत्रा ११.९ ग्रॅमने जड व्हायला हवा. माझा ११ ग्रॅमने वाढला. मीटर आठ टक्के जास्त दाखवत होता. तेव्हापासून मी त्याच्यावर तेवढी वजावट करतो.

१०० अँपिअरचं यंत्र हाती आलं म्हणजे १०० अँपिअर लावायचे असं नाही. करंट जॉबच्या पृष्ठभागावर ठरतो. ॲनोडायझिंगला १०० चौरस सेंटिमीटरमागे साधारण सव्वा ते दीड अँपिअर, निकेलला दोन ते पाच. मोटरसायकलच्या एका लिव्हरला दहा-बारा अँपिअर पुरतात. प्लेटिंगमध्ये जॉब निगेटिव्हला, ॲनोडायझिंगमध्ये पॉझिटिव्हला, आणि जुन्या डब्यावरचा लाल-काळा रंग खरा आहे की नाही हे आधी मीटरने पाहून घ्या.

यंत्र टाकीशेजारी ठेवू नका. दुसऱ्या खोलीत, निदान भिंतीपलीकडे, वाफ पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि केबल भोकातून आणा. ५० अँपिअरवर ॲनोडायझिंग करताना तासाला सुमारे २० लिटर हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. खिडक्या उघड्या हव्यात. जॉब काढण्याआधी करंट शून्यावर आणा, चालू करंटमध्ये चिमटा ओढू नका. क्रोम आणि सायनाइडचे बाथ घरी करायचे नाहीत, कितीही चकाकी हवी असली तरी. आणि छंदाचा धंदा झाला की प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, कारण इलेक्ट्रोप्लेटिंग त्यांच्या लाल वर्गात येतं.

धुवणाचं पाणी गटारात जाऊ देऊ नका. खोपोलीला १९१५ पासून टाटांच्या वीजघरात घाटावरचं पाणी उतरतं, तेच पुढे पाताळगंगेत येऊन बारमाही वाहतं आणि मोहोपाड्याजवळून जातं. वीज आणि या भागाचं पिण्याचं पाणी एकाच वाटेवर आहे. निकेलचं, तांब्याचं धुवण ड्रममध्ये साठवा आणि धुण्याचा सोडा टाकून पीएच ९ च्या थोडं वर न्या. धातू हिरव्या-निळ्या गाळात खाली बसतो. वरचं पाणी पुढच्या पहिल्या धुवणाला वापरा. गाळ मात्र घंटागाडीत टाकायचा नाही, तो घातक कचरा आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात वाळवून, वर नाव लिहून ठेवा आणि एमआयडीसीतल्या ज्या कारखान्याचा असा गाळ तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात जातो, तिथे विनंती करून बघा. माझा डबा अजून अर्धाच भरला आहे. रेक्टिफायरच्या पत्र्यावर मात्र मी पांढऱ्या रंगाने प्रत्येक सांध्याचे मिलिव्होल्ट आणि तारीख लिहिली आहे, आणि दर दिवाळीला, पाऊस पूर्ण सरल्यावर, बादली भरून ते पुन्हा मोजतो.